वेगदेवतेचा कारागीर

१९२० साली कारखान्यातून बाहेर पडलेली एक मोटारसायकल, तिचे सुटे भाग मिळण्याची मारामार, खिशात जेमतेम पैसा आणि राहायला एक साधे गॅरेज. एवढ्या भांडवलावर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी अमेरिकेतील मिठाच्या मैदानावर वेगाचे तीन विश्वविक्रम नोंदवले. जो भाग बाजारात मिळत नाही तो स्वतः घडवायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. या शिरस्त्याची किंमतही त्यांनी आयुष्यभर मोजली.

जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा बहुधा कार्बुरेटरपाशी सुरू होते. सांगाडा रंगवता येतो, आसन नव्याने शिवून घेता येते, चाकांच्या ताराही बदलता येतात. पण हवा आणि इंधन यांचे मिश्रण करणारे ते मूठभर यंत्र एकदा झिजले, की इंजिनाचा श्वासच बिघडतो. फ्लोट गळू लागतो, सुईची बैठक झिजते, जेटचे छिद्र केसभर मोठे होते, थ्रॉटलच्या दांड्याभोवतीच्या फटीतून नको असलेली हवा आत शिरते. भाग बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते. अशा वेळी माणूस जुन्या मालाच्या दुकानांत धुंडाळतो, भंगारात पडलेल्या दुसऱ्या गाडीवर डोळा ठेवतो किंवा निमूटपणे गाडी झाकून ठेवतो. याखेरीज आणखी एक मार्ग असतो. हवा असलेला भाग आपल्याच हाताने तयार करण्याचा. मन्रो यांनी तो मार्ग एखाद्या भागापुरता नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण इंजिनासाठी पत्करला आणि त्यावर चार दशके चालत राहिले.

शेतावरचे बालपण

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाजवळील इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. शहराच्या पूर्वेला असलेल्या एडनडेल येथील शेतावर त्यांचे बालपण गेले. शेती हा कुटुंबाचा व्यवसाय असला, तरी मुलाचे मन मातीत रमले नाही. घरातील सर्वांत वेगवान घोडा काढावा आणि वडिलांच्या नाराजीची पर्वा न करता तो भरधाव पिटाळावा, हा त्यांचा लहानपणीचा छंद होता. मोटारी, मोटारसायकली आणि नुकतीच उडू लागलेली विमाने यांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा परदेशी जाण्याची संधी म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले. पण युद्ध संपेपर्यंत ते शेतावरच राहिले. पुढे वडिलांनी ती जमीन विकली. मन्रो यांनी काही काळ ओटिरा बोगद्याच्या बांधकामावर काम केले. तेवढ्यात वडिलांनी नवी शेतजमीन घेतली आणि मुलाला परत बोलावले. शेताचे हे बोलावणे त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा आले. व्यावसायिक स्पीडवे शर्यतपटू म्हणून ते मोटारसायकलींच्या जगात शिरले होते. मात्र जागतिक मंदीची चाहूल लागताच त्यांना घरी परतावे लागले. त्यानंतर मोटारसायकलींचा विक्रेता आणि दुरुस्तीकार म्हणून त्यांनी उपजीविका केली. उपजीविकेचे साधन आणि जीविताचे ध्येय एकाच यंत्राशी जोडले गेले ते असे.

सहाशेसत्ताविसावी स्काउट

१९२० मध्ये मन्रो यांनी एक नवी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव इंडियन स्काउट. या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी १९०१ मध्ये हा उद्योग सुरू केला. 'इंडियन' हे त्यांच्या गाड्यांचे नाव अमेरिकेच्या आदिवासींवरून आले आणि १९२३ पासून तेच कंपनीच्या नावातही आले. हेडस्ट्रॉम हे निष्णात यंत्रज्ञ होते. सुरुवातीच्या इंडियन गाड्यांचा लौकिक ज्या गोष्टींमुळे पसरला, त्यांत हेडस्ट्रॉम यांनी स्वतः रचलेल्या कार्बुरेटरचा मोठा वाटा होता. स्काउट गाडीचा आराखडा मात्र मूळच्या आयर्लंडच्या चार्ल्स फ्रँकलिन यांचा. १९११ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत इंडियन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर हेच फ्रँकलिन होते.

मन्रो यांच्या गाडीचा इंजिन क्रमांक ५०आर६२७. म्हणजे या मालिकेतील अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही सहाशेसत्ताविसावी. इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात बसवलेली दोन सिलिंडरे, ६०० सी.सी. क्षमता, बाजूला बसवलेल्या झडपा आणि इंडियानापोलिस येथे बनणारा शेबलर कंपनीचा कार्बुरेटर, अशी तिची रचना होती. इंजिनाची शक्ती गिअरपेटीपर्यंत पोहोचवण्यासाठी साखळीऐवजी तिरक्या दात्यांची चक्रे वापरलेली होती. दणकट, काटक आणि दीर्घायुषी अशी तिची ख्याती. वेग मात्र ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर. टपाल पोहोचवायला किंवा शेतावरून शहरात जायला तो पुरेसा होता. मन्रो यांना तो पुरेसा नव्हता. १९२६ मध्ये त्यांनी गाडीत फेरफार करायला सुरुवात केली. त्या दिवसापासून ती गाडी कधीच पूर्ण झाली नाही.

भाग नाही, तर भांडे आणा

शर्यतीसाठी खास बनवलेले भाग तेव्हाही मिळत असत, पण ते अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये. इन्व्हरकार्गिलमध्ये बसून ते मागवायचे म्हणजे महिनोन्महिने बोटीची वाट पाहायची आणि विक्रेत्याच्या पगाराला न झेपणारी किंमत मोजायची. शिवाय मन्रो यांना हव्या असलेल्या भागांपैकी अनेक भाग जगात कुठेच अस्तित्वात नव्हते. कारण स्काउटच्या जन्मदात्यांनी तिच्याकडून जी अपेक्षाच ठेवली नव्हती, ती मन्रो यांनी ठेवली होती.

मग हाताशी असेल त्यातून भाग घडू लागले. जुने धातू वितळवून पत्र्याच्या रिकाम्या डब्यांत ओतायचे आणि त्यातून पिस्टन तयार करायचे. गॅसवाहिनीच्या बिडाच्या जुन्या पाइपाचे तुकडे कापून त्यातून सिलिंडर कोरायचे. कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या निकामी आसाचे कणखर पोलाद मिळवून त्यातून कनेक्टिंग रॉड तासायचे. सूक्ष्म मापे घेण्यासाठी महागडे मापक परवडत नव्हते, म्हणून चाकाची एक जुनी तार हेच त्यांचे मापक होते. फ्लायव्हील, कॅम, वंगणाची व्यवस्था, क्लच असे एकेक करून सारे त्यांच्या हातातून नव्याने जन्माला आले. कारखान्यातील मूळ इंजिनात दोन कॅम होते. मन्रो यांनी चार कॅमची रचना केली. बाजूच्या झडपा काढून त्या सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या. इंजिनाची क्षमता वाढत वाढत अखेरीस ९५० सी.सी. पर्यंत गेली. तिरक्या दात्यांच्या चक्रांची जागा तिहेरी साखळीने घेतली.

ही सारी कामे दिवसा होत नसत. दिवसभर दुकानात गाड्या विकायच्या, त्यांच्या तक्रारी निस्तरायच्या आणि रात्री आपल्या गाडीपाशी बसायचे, असा त्यांचा क्रम होता. अनेकदा रात्रभर काम करून, न झोपता, ते सकाळी थेट नोकरीवर जात. स्काउटच्या जोडीला १९३६ ची एक व्हेलोसेट गाडीही त्यांच्यापाशी होती आणि तिच्यावरही याच पद्धतीचे प्रयोग चालत.

इंजिनातील प्रत्येक सुधारणा शेवटी कार्बुरेटरपर्यंत येऊन पोहोचते, हे यंत्रशास्त्राचे साधे तत्त्व आहे. सिलिंडर मोठे केले, झडपा माथ्यावर नेल्या, फेरे वाढवले, की इंजिन अधिक हवा ओढते. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तेथील दाब घटतो आणि जेटच्या छिद्रातून इंधन वर खेचले जाते. हवा वाढली आणि इंधन त्या प्रमाणात वाढले नाही, तर मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रणावर सुसाट धावणारे इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते. उलट इंधन जास्त झाले, तर शक्ती वाया जाते आणि गाडी गुदमरते. ताशी ८९ किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी केलेली मोजमापे तिच्या तिप्पट वेगाला कशी चालणार? त्यामुळे वेगाचा शोध घेणाऱ्याला प्रत्येक बदलानंतर हा तोल पुन्हा पहिल्यापासून साधावा लागतो. चुकले, तर रात्री-रात्री जागून ओतलेला पिस्टन काही क्षणांत मातीमोल होतो.

मन्रो यांच्या वाट्याला असे क्षण वारंवार आले. इंजिन फुटणे, रॉड तुटणे, सिलिंडर तडकणे हे त्यांच्या प्रयोगांचे नित्याचे फलित होते. मोडलेले भाग त्यांनी फेकून दिले नाहीत. गॅरेजमधील एका फळीवर ते ओळीने मांडून ठेवले आणि हा वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य आहे, अशा अर्थाची अक्षरे तेथे रंगवली. त्यात विनोद होता, तसा हिशेबही होता. कोणता भाग कुठे तुटला हे समोर दिसत असल्याशिवाय पुढचा भाग अधिक मजबूत कसा करायचा हे कळत नाही. दुकानात विकत घेतलेला भाग मोडला, तर माणूस दुसरा आणतो. स्वतः घडवलेला भाग मोडला, तर तो का मोडला हे शोधल्याशिवाय गत्यंतर नसते. मन्रो यांची शाळा म्हणजे ती फळी.

ध्येयाची किंमत

या ध्यासाची दुसरी बाजूही आहे आणि ती दृष्टिआड करणे योग्य होणार नाही. रात्री गॅरेजमध्ये जाणारा माणूस घरात नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मन्रो यांचा घटस्फोट झाला. पुढे त्यांनी नोकरीही सोडली आणि कुलूप लावता येईल अशा एका गॅरेजमध्येच मुक्काम हलवला. एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला दोन मोटारसायकली आणि मध्ये अवजारे, असा त्यांचा संसार उरला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा सामान्य माणूस निवृत्तीची तरतूद पाहू लागतो, तेव्हा त्यांनी उरलेले सर्व आयुष्य तीस वर्षांच्या एका जुन्या यंत्राच्या स्वाधीन केले.

दरम्यान मूळ कंपनीचाही अस्त झाला. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातील इंडियन गाड्यांचे उत्पादन १९५३ मध्ये थांबले. जगभरातील इंडियन गाड्यांच्या मालकांपुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. मन्रो यांना त्याची झळ फारशी लागली नसावी. त्यांच्या गाडीत कारखान्याने बनवलेले असे तोवर फार थोडे उरले होते.

वाळूवरून मिठावर

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा सुमारे २६ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी तेथील वाळू घट्ट होते. हीच मन्रो यांची धावपट्टी. पुढे त्यांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथेही शर्यती केल्या. १९३८ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमधील वेगाचा पहिला राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि त्यानंतर आणखी सात विक्रम त्यांच्या नावावर जमा झाले. पण किनारा कितीही लांब असला, तरी भरतीच्या वेळा आणि वाळूचे उंचसखलपण यांना मर्यादा होत्या. गाडी आता त्या मर्यादेपलीकडे धावू शकत होती.

त्यामुळे त्यांची नजर अमेरिकेतील युटा राज्याच्या बॉनव्हिल मैदानाकडे वळली. प्राचीन सरोवर आटून तेथे मिठाचा कठीण, सपाट आणि दूरवर पसरलेला थर तयार झालेला आहे. वेगाचे विक्रम नोंदवण्यासाठी जगभरातील शर्यतपटू तेथे जमतात. मन्रो एकंदर दहा वेळा तेथे गेले. पहिल्या खेपेस ते केवळ पाहणी करून आले. पुढच्या नऊ खेपांना ते गाडीसह मैदानात उतरले.

या स्थलांतरात एक अदृश्य अडचण दडलेली होती. ओरेटीचा किनारा समुद्रसपाटीला, तर बॉनव्हिलचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मीटर उंचीवर. तेथे हवेचा दाब जवळजवळ एक सप्तमांशाने कमी असतो आणि शर्यतींच्या ऑगस्ट महिन्यात उकाड्यामुळे हवा आणखी विरळ होते. किनाऱ्यावर अचूक जुळवलेला कार्बुरेटर तेथे नेला, तर हवेच्या मानाने इंधन जास्त पडते आणि इंजिन जड चालते. जेटचे छिद्र लहान करावे, तर किती? फार लहान केले की पिस्टन जळण्याचा धोका. हा प्रश्न कागदावर सुटत नाही. गाडी पळवावी लागते, प्लग काढून त्याचा रंग पाहावा लागतो आणि पुन्हा जेट बदलावा लागतो. बलाढ्य कंपन्यांच्या पथकांपाशी त्यासाठी तंत्रज्ञ आणि सुट्या भागांच्या पेट्या असत. साठी ओलांडलेल्या मन्रो यांच्यापाशी होते ते हात, कान आणि चार दशकांचा अनुभव.

तीन विक्रम

१९६२ मध्ये मन्रो यांनी बॉनव्हिलला पहिला विश्वविक्रम केला. ८८३ सी.सी. गटात त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा इंजिनाची क्षमता ८५० सी.सी. होती आणि चालकाचे वय ६३ वर्षे. १९६६ मध्ये त्यांनी ताशी २७०.४७६ किलोमीटर वेगाने दुसरा विक्रम नोंदवला.

१९६७ चे वर्ष निर्णायक ठरले. इंजिन आता ९५० सी.सी. चे झाले होते. पात्रता फेरीत एकाच दिशेने धावताना गाडीचा वेग ताशी १९०.०७ मैल, म्हणजे सुमारे ३०५.९ किलोमीटर मोजला गेला. इंडियन गाडीने अधिकृतरीत्या गाठलेला तोवरचा तो सर्वोच्च वेग होता. विक्रमासाठी मात्र दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते. एक हजार सी.सी. पर्यंतच्या गटात ती सरासरी ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे २९५.४५३ किलोमीटर अशी नोंदवली गेली. मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक हा वेग होता. त्या वेळी गाडी ४७ वर्षांची आणि मन्रो ६८ वर्षांचे होते.

हा वेग निर्धोक नव्हता. त्याच वर्षी एका धावेत गाडी अर्ध्याहून अधिक अंतर कापून गेल्यावर थरथरू लागली. तिचा वेग कमी करण्यासाठी मन्रो कवचातून उठून ताठ बसले, तेव्हा वाऱ्याच्या झोताने त्यांचा चष्मा उडवून नेला आणि डोळ्यांसमोर काही दिसेनासे झाले. अखेर त्यांनी गाडी एका कुशीवर आडवी केली. मैदानावरचा पोलादी खांब थोडक्यात चुकला आणि ते किरकोळ ओरखड्यांवर निभावले. हा प्रसंग पुढे ते स्वतःच रंगवून सांगत असत.

अखेरचा मुक्काम

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मन्रो यांना हृदयविकाराचा त्रास होता. विश्वविक्रमांची तिन्ही वर्षे त्यांनी हे दुखणे अंगावर काढून पार पाडली. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेले तरुण दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते सावरले. पण हातांचा आणि शरीराचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या माणसाने चाकाच्या तारेने धातूची जाडी मोजली, त्याला याहून कठोर शिक्षा नव्हती. आपल्या गाड्या आपल्याच प्रांतात राहाव्यात, या इच्छेने त्यांनी दोन्ही मोटारसायकली इन्व्हरकार्गिल येथील ई. हेस अँड सन्स या व्यापाऱ्यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ७८ होते.

त्यांची कीर्ती खऱ्या अर्थाने जगभर पोहोचली ती त्यानंतर २७ वर्षांनी. २००५ मध्ये डोनाल्डसन यांनीच 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि अँथनी हॉपकिन्स यांनी त्यात मन्रो यांची भूमिका केली. २००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने आपल्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचा समावेश केला. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिल येथे त्यांच्या नावाने शर्यतींचा मेळावा भरू लागला.

या कहाणीतील शेवटची दुरुस्ती मात्र मन्रो यांच्या हातची नव्हती. १९६७ च्या विक्रमाचे आकडे पाहताना त्यांचे पुत्र जॉन यांच्या लक्षात आले, की सरासरी चुकीची काढली गेली आहे. एका दिशेचा वेग ताशी १८४.७१० मैल आणि परतीचा १८३.४६३ मैल, त्यांची सरासरी १८३.५८६ होऊच शकत नव्हती. अमेरिकन असोसिएशनने आकडे तपासले आणि २०१४ मध्ये विक्रम सुधारून ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर असा केला. मृत्यूनंतर ३६ वर्षांनी मन्रो यांचा वेग अर्ध्या मैलाने वाढला.

जुन्या यंत्राचा एखादा भाग मिळत नाही म्हणून ते यंत्र कोपऱ्यात जाते, हा सर्वत्र दिसणारा अनुभव. मन्रो यांनी त्या अभावालाच आपल्या कामाचा आरंभ मानले. त्यासाठी त्यांनी झोप, घर आणि प्रकृती पणाला लावली. हा सौदा प्रत्येकाला मानवेलच असे नाही. मात्र पत्र्याच्या डब्यात ओतलेल्या त्या पिस्टननी जो वेग गाठला, त्याची नोंद आता अचूक झाली आहे.